अभयारण्याच्या दारातलं गाव आणि पर्यटन : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठण, कन्नड, पाटोदा, येडशी आणि किनवट भागातल्या गावांत, बचत गटांच्या बैठकांत आणि पक्षी बघायला आलेल्या मंडळींच्या गप्पांत काही प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. ते इथं एकत्र केले आहेत. जंगल आणि तळं ज्यांच्या दारात आहे, त्यांच्या हाती त्याच्या कारभाराचा वाटा असलाच पाहिजे, या भूमिकेतून ही उत्तरं लिहिली आहेत.

मराठवाड्यात अभयारण्यं आहेत तरी कुठं?

अजिंठ्याच्या डोंगररांगेत, कन्नडजवळ गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, घोषणा १९८६ची. त्याच वर्षी पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तो सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा असून पैठण-गंगापूरपासून पलीकडं शेवगाव-नेवाशापर्यंत पसरलाय. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ नायगाव मयूर अभयारण्य (१९९४), धाराशिव जिल्ह्यात येडशी रामलिंग घाट (१९९७), आणि नांदेड-यवतमाळच्या सीमेवर पैनगंगा. राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्प मात्र मराठवाड्यात एकही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं पैशांच्या प्रश्नात ती कामाला येते.

आमच्याकडं पर्यटक येतातच कुठं? मग हा विषय कशाला?

पर्यटक म्हणजे जिप्सीत बसलेला, गळ्यात दुर्बीण अडकवलेला माणूस, असं चित्र डोक्यात असेल तर तो आपल्याकडं कमीच येतो. पण श्रावणी सोमवारी येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला जाऊन बघा. मंदिर अभयारण्याच्या आत आहे. पावसाळ्यात धबधबा सुरू झाला की भाविकांच्या गर्दीत सहलीची गर्दी मिसळते. गौताळ्यात सीताखोरे आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांकडं पावसाळी रविवारी गाड्यांची रांग लागते. नाथषष्ठीला पैठणला लाखो वारकरी येतात आणि त्यातले कितीतरी जण धरण बघायला जातात.

म्हणजे पर्यटन आहेच, फक्त त्याचा कारभार कुणी पाहत नाही. गाडी कुठं लावायची, पत्रावळ्या कुठं टाकायच्या, ध्वनिक्षेपक किती वाजता बंद करायचा, हे ठरवणारं तिथं कुणी नसतं. संध्याकाळी माणसं निघून जातात आणि मागं उरलेलं सगळं गावाच्या आणि वनरक्षकाच्या वाट्याला येतं.

लोकसहभाग म्हणजे गावातल्या पाच पोरांना गाइड केलं की झालं का?

नाही. सगळ्यात जास्त गफलत इथंच होते.

एका गावातला प्रकार मी जवळून पाहिला. पोरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, टोप्या आणि टी-शर्ट मिळाले, फोटो निघाले. त्यानंतर फाटकावर किती गाड्या सोडायच्या, कोणती वाट कधी बंद ठेवायची, आलेला पैसा कशावर खर्च करायचा, यातलं काहीही त्यांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्या हंगामापर्यंत त्यातले बहुतेक जण पुण्याला कंपनीत लागले होते. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांच्या वाट्याला मजुरी आली होती, आणि मजुरीच करायची तर ती शहरात जास्त मिळते.

लोकसहभाग खरा की दाखवायचा, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे: पावतीपुस्तक कुणाच्या हातात आहे? पावती फाडणारा गावचा आहे का? जमा रक्कम गावाला महिन्याच्या महिन्याला कळते का? आणि ती कुठं खर्चायची हे ग्रामसभेत ठरतं का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर तिथं सहभाग आहे. एकही ‘हो’ नसेल, तर नुसती रोजगार योजना आहे. रोजगारही हवाच, पण त्याला व्यवस्थापनातला वाटा म्हणता येणार नाही.

कायद्यात गावाला जागा आहे का, की सगळं वन विभागाच्या मर्जीवर?

जागा आहे, आणि बऱ्याच गावांना वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२च्या कलम ३३-ब नुसार अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमायची असते. तिच्यात त्या भागातले आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन प्रतिनिधी आणि वन्यजीवांसाठी काम करणारी तीन माणसं असतात. आत आणि आजूबाजूला राहणाऱ्या लोकांचा सहभाग कसा असावा, यावर सल्ला देणं हे या समितीचं काम म्हणून कायद्यातच लिहिलंय. तुमच्या अभयारण्याची अशी समिती नेमलेली आहे का, शेवटची बैठक कधी झाली आणि पंचायतीतर्फे तिथं कोण बसतं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. विचारा.

याच कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती एप्रिल २०२३पासून लागू आहे. अभयारण्य अनुसूचित (आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या क्षेत्रात येत असेल, तर त्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी रीतसर विचारविनिमय करून तयार व्हायला हवा. पर्यटन कुठं आणि किती, हे त्या आराखड्यात ठरतं. आराखडा छापून झाल्यावर तक्रार करण्यापेक्षा तो तयार होत असताना ग्रामसभेचा ठराव पाठवणं शंभरपट उपयोगाचं.

वनहक्क कायदा, २००६ हा दुसरा आधार. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क तो ग्रामसभेला देतो. २००९ साली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं हा हक्क मिळवून दाखवला. किनवट भागातल्या गोंड, कोलाम, आंध वस्त्यांसाठी हा रस्ता तुलनेनं सरळ आहे, शिवाय किनवट अनुसूचित क्षेत्रात असल्यानं, अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचाही आधार आहे. आपल्याकडचे बंजारा, धनगर, भोई मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गात मोडतात आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य आणि वनांवरचं अवलंबन दाखवावं लागतं. निजामी काळातले कागद शोधता शोधता लोक थकून जातात. पण कायद्याच्या नियमांत जुन्या वास्तू, देवस्थानं, स्मशानभूमी, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही पुरावे धरले आहेत, हे तालुक्याला फारसं कुणी सांगत नाही.

समिती आहे, पण ती कागदावरच. काय करायचं?

संयुक्त वनव्यवस्थापन समिती असो, परिस्थितिकीय विकास समिती असो की जैवविविधता व्यवस्थापन समिती, आजार एकच. अध्यक्ष कोण हे गावाला माहीत नसतं आणि खातं कुठल्या बँकेत आहे हे अध्यक्षाला माहीत नसतं. बहुतेक वनसमित्यांचा सचिव वनपाल असतो. त्याची बदली झाली की समिती झोपते.

नवी समिती काढायच्या भानगडीत पडू नका, आहे तीच जागी करा. पासबुक भरून आणा, इतिवृत्ताची वही शोधा, आणि येत्या ग्रामसभेत दोन्ही वाचून दाखवा. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथंही वाचा. लोकांना आकडे ऐकू आले की पुढचे प्रश्न ते स्वतःच विचारतात.

प्रवेशशुल्काचा पैसा गावाकडं कसा राहील?

ताडोबा-पेंचला व्याघ्र प्रकल्प असल्यानं तिथं कायद्यानुसार प्रतिष्ठान असतं. पर्यटनाचा पैसा त्यात जमा होतो आणि तिथंच खर्ची पडू शकतो. आपल्याकडं व्याघ्र प्रकल्प नाही, त्यामुळं ती सोयही आपोआप मिळत नाही. म्हणून अभयारण्याच्या तिकिटाचा वाटा समितीकडं यावा, यासाठी वन विभागाशी लेखी करार करावा लागतो. तोंडी शब्दावर राहू नका. गोड बोलणारा साहेब बदलून जातो.

दुसरा रस्ता गावाच्या स्वतःच्या हद्दीत आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये यात्राकराची तरतूद आहे. गावाच्या जागेवर वाहनतळ करून शुल्क घेता येतं. एक हिशेब मांडून बघू. समजा रविवारी ४० गाड्या आल्या आणि प्रत्येकी ५० रुपये घेतले, तर २,००० रुपये झाले. महिन्याच्या चार रविवारांचे ८,०००. दोन पोरांची मजुरी दिवसाला ४०० प्रमाणे महिन्याला ३,२०० गेली, कचऱ्याच्या ट्रॅक्टरला १,५०० गेले. तरी ३,३०० उरले. रक्कम लहान वाटेल, पण तिच्यातून उन्हाळ्यात एखादा पाणवठा भरता येतो. आणि ‘आमच्या पैशातून भरला’ असं गाव म्हणतं तेव्हा त्या पाणवठ्यावर फासे लावायला येणाऱ्याला गावच हटकतं.

जायकवाडीवर मासेमारी करणाऱ्यांचं काय? पक्ष्यांसाठी त्यांना हटवणार का?

नाथसागराची गोष्ट विस्थापनापासून सुरू होते. १९७६ साली पूर्ण झालेल्या या धरणाखाली शंभराहून अधिक गावं गेली. जमीन गेलेली माणसं काठावर राहिली. काही मासेमारीत आली, काही पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावर पेरा करू लागली. दहा वर्षांनी तेच पाणी अभयारण्य झालं. या माणसांना अतिक्रमक म्हणून वागवणं हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल, असं मला मनापासून वाटतं.

पण प्रश्न खराच आहे. हिवाळ्यात पाणी जसजसं मागं सरतं, तसतसा उथळ चिखल उघडा पडतो. रोहित, चक्रवाक, पट्टकादंब, थापट्या, शेकाटे आणि हजारोंनी येणारे वारकरी पक्षी याच पट्ट्यात चरतात. गाळपेरही तिथंच होते, बारीक जाळीही तिथंच लागते आणि फोटो काढायला येणारेही तिथंच धावतात. भर म्हणजे पाणी जलसंपदाचं, पक्षी वन विभागाचे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे. तिघं एका टेबलावर बसत नाहीत तोवर काठावरच्या माणसानं कुणाचं ऐकायचं?

पुणे-सोलापूरच्या सीमेवर, उजनीच्या भिगवण-कुंभारगाव परिसरात धरणग्रस्त मच्छीमारच आज पक्षी दाखवतात. ओडिशात चिलिकाच्या काठी मंगलाजोडीला पूर्वी पक्ष्यांची शिकार करणारे लोक आता नाव वल्हवत पक्षी दाखवतात आणि राखतात. पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा, कोणता थवा कुठं उतरतो, हे मच्छीमाराइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पैठणच्या भोई-कहार मंडळींकडं ते ज्ञान आहेच. त्यावर नियम त्यांनीच बसवावेत: इंजिन लावायचं नाही, वल्हं किंवा बांबूनं नाव हाकायची. थव्यानं माना वर केल्या की थांबायचं, पक्षी चालत दूर जाऊ लागले की नाव मागं घ्यायची. फोटोसाठी थवा उडवायला सांगणाऱ्या पाहुण्याला काठावर उतरवायचं, त्याचे पैसे परत द्यावे लागले तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चरण्याचा एखादा पट्टा जाळं, नांगर आणि नाव या तिघांपासून मोकळा ठेवायचा. तो कोणता, हे मच्छीमार संस्था आणि गाळपेर करणाऱ्यांनी मिळून सांगावं, नकाशावर रेघ मारून वरून ठरवू नये.

आणि हेच पाणी छत्रपती संभाजीनगर पितं. काठ स्वच्छ ठेवणाऱ्या गावांचं त्या शहरावर ऋण आहे.

आमचं निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातं. पर्यटन सांभाळणार कोण?

हा प्रश्न नायगाव मयूरच्या बाजूनं आला, आणि पर्यटनाच्या कोणत्याही छापील आराखड्यात तो मला दिसलेला नाही. सगळे आराखडे ‘हंगाम ऑक्टोबर ते मार्च’ असं धरून चालतात. त्याच महिन्यांत पाटोदा, आष्टी, शिरूर भागातली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात.

पण मोराचा हंगाम पावसाळ्याचा! पिसारा पूर्ण भरलेला असतो, नाच असतो, केका ऐकू येतात. पावसाळा ओसरला की पिसं गळतात. ऑक्टोबरनंतर येणाऱ्याला बिनपिसाऱ्याचा मोर दिसतो आणि तो नाराज होऊन जातो. म्हणून नायगावचा हंगाम जून ते सप्टेंबर धरावा. तेव्हा माणसं गावात असतात. पेरणीच्या धावपळीचे आठवडे सोडले तर पोळ्यापर्यंत हाताला वेळही मिळतो.

यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लांडोर याच दिवसांत जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला अंडी घालते. माणसं झाडोऱ्यात घुसली तर घरटी उधळतील. त्यामुळं पावसाळी पर्यटन ठरलेल्या वाटेवरूनच, सकाळी आणि संध्याकाळी, लहान गटांत, गावचा माणूस सोबत असेल तरच. कुत्रं आणायचं नाही. हे जमणार नसेल तर पावसाळ्यातही करू नये.

पावसाळी चार महिन्यांच्या कमाईनं ऊसतोड थांबेल, असं मी कुणाला सांगणार नाही. पण एखाद्या घरातल्या बाईला मुकादमाची उचल एका वर्षी घ्यावी लागली नाही आणि तिची पोरगी शाळेत राहिली, तरी तेवढ्यासाठी हा खटाटोप करावा.

पाण्याचा प्रश्न? टँकरवर जगणाऱ्या गावात पाहुणे कसे ठेवायचे?

आधी गावाचं पाणी, मग जनावरांचं, मग पाहुण्याचं. ज्या महिन्यात गावाला टँकर लागला त्या महिन्यात मुक्काम बंद, फक्त दिवसाची फेरी. आंघोळीला बादली, पोहण्याचा तलाव नाही, आणि हे पाहुण्याला येण्याआधीच फोनवर सांगायचं. समजूतदार माणूस येतो. न येणाऱ्यामागं धावू नका.

बचत गटाला घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय करायची आहे. कुठून सुरुवात?

जेवणापासून, खोलीपासून नको. खोली बांधायला कर्ज लागतं, भाकरीला तवा लागतो आणि तो घरी आहे. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. डिसेंबर-जानेवारीत हुरडा. जायकवाडीचे पक्षी आणि हुरडा एकाच हंगामात येतात, हे तर जुळून आलेलं सुखच आहे. पनीर आणि नूडल्स ठेवू नका, ते खायला कुणी पाटोद्याला येत नाही.

आगाऊ निरोप असेल तेवढ्याच ताटांचा स्वयंपाक करा आणि पाळी लावा, म्हणजे एकाच घरात पैसा साचत नाही. वर्षभर हे चाललं तर खोलीचा विचार करा. राज्याच्या २०२३च्या ‘आई’ या महिला पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, शासन परत करतं. २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतावरचं केंद्रही नोंदवता येतं. दोन्हींसाठी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात विचारा.

रानडुकरं आणि रोही पीक खातात. आम्हीच का जपायचं?

तुमचा राग रास्त आहे. रात्रभर पिकाची राखण करणाऱ्या माणसाला जैवविविधतेचं महत्त्व सांगणं बरं नव्हे. पीक नुकसानीची भरपाई मिळते, पण पंचनामा वेळेत व्हावा लागतो. गावसमितीनं पहिलं काम हेच हाती घ्यावं: फोटो, सातबारा, अर्ज तयार ठेवायचा आणि नुकसान झाल्या दिवशीच वनरक्षकाला कळवायचं. पर्यटनाचा पैसा आधी शिवारालगतच्या, ज्यांचं खरोखर नुकसान होतं त्या शेतकऱ्यांच्या कुंपणाला द्यावा. नाहीतर कमाई रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याची आणि नुकसान डोंगराकडेच्या शेतकऱ्याचं, असा उलटा न्याय होतो.

वाघ आला तर गावाचं नशीब उघडेल का?

मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात कित्येक दशकांनी वाघ कॅमेऱ्यात दिसला. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या जंगलात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून आलेला वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. येडशीचं अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटर. तेवढ्या जागेत वाघाचं भागत नाही, तो शिवारांतून फिरतो. अशा वेळी ‘वाघ दाखवतो’ म्हणून गाड्या फिरवणं म्हणजे त्याला आणि माणसांना दोघांना संकटात घालणं. गावानं तेव्हा करायचं काम पर्यटनाचं नसून पहाऱ्याचं आहे: ठिकाण व्हॉट्सअॅपवर टाकायचं नाही, गर्दी जमू द्यायची नाही, जनावरं गोठ्यात बांधायची, आणि गुराख्यांना रोजचा निरोप द्यायचा.

बाहेरचा माणूस रिसॉर्टसाठी जमीन मागतोय. द्यावी का?

आधी तुमच्या जमिनीचा गट पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात, म्हणजे अभयारण्याभोवती जाहीर झालेल्या पट्ट्यात, येतो का, ते तपासा. अशा क्षेत्रांच्या अधिसूचनांमध्ये साधारणपणे अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत, किंवा क्षेत्राची सीमा त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, नवी व्यापारी हॉटेलं आणि रिसॉर्ट उभारायला मनाई असते. निसर्ग पर्यटनाच्या लहान, तात्पुरत्या बांधकामांना तेवढी सवलत असते. माझं मत विचाराल तर विकू नका. करायचंच तर मुदतीचा भाडेकरार करा. बोअर किती आणि किती खोल, कामावर गावातली माणसं किती, हे करारात लिहून घ्या. जमीन एकदा गेली की आपल्याच रानात आपण पाहुणे.

रामलिंगला माकडांना खाऊ घालणं पुण्याचं काम नाही का?

भाव चांगला आहे, परिणाम वाईट होतो. बिस्किटांवर वाढलेलं माकड रानातली फळं सोडतं, पिशव्या हिसकावतं, चावतं, आणि मग त्यालाच पकडून न्या अशी मागणी होते. हे वन विभागाच्या फलकानं थांबलेलं नाही. पुजारी, नारळवाले आणि दुकानदार यांनी सांगितलं तर थांबेल. दुकानात माकडांसाठी म्हणून पुडे विकणं बंद करायचं, असं दुकानदारांनीच ठरवावं. दानच करायचं असेल तर पाणवठ्यासाठी दानपेटी मंदिराबाहेर ठेवा आणि जमा झालेले पैसे दर सोमवारी फळ्यावर लिहा.

एवढं सगळं एकदम जमणार नाही. पहिल्या महिन्यात काय करू?

एका रविवारी फाट्यावर बसून येणाऱ्या गाड्या मोजा. किती आल्या, कुठून आल्या, किती वेळ थांबल्या, काय टाकून गेल्या. चार रविवार मोजा. ती वही, समितीचं पासबुक आणि अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा मागणारा अर्ज, या तीन गोष्टी घेऊन ग्रामसभेत उभे राहा. वनरक्षकाला त्या सभेला आवर्जून बोलवा आणि मानाची खुर्ची द्या. त्याचंही काम एकट्यानं होण्यासारखं नसतं.